तीनशे फुटांच्या घरात सिंगल बार: जागा किती, खर्च किती

कुंभारीत घरी व्यायामाचं सामान घ्यायचं ठरवलं, की पैशाच्याही आधी जागेचा प्रश्न येतो. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावात गोदूताई परुळेकर वसाहत आहे. विडी कामगार स्त्रियांसाठी बांधलेली ही दहा हजार घरं २००६ साली त्यांच्या ताब्यात आली. रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्पही इथलाच. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी कामगार कुटुंबांना मिळाल्या. पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांसाठीच्या घराचं चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत असतं, म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट. एवढ्यात कॉट, कपाट, शिलाई मशीन आणि पोरांचं दप्तर सगळं मांडून झालं की भिंतीकडेला जो कोपरा उरतो, त्याचा हा हिशेब आहे.

तो करायची गरज आहे, कारण विचारणारे बरेच आहेत आणि त्यात भरतीची तयारी करणारी पोरं मोठ्या संख्येनं आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत आता पुल-अप्स नाहीत. धावणं आणि गोळाफेक आहे. पण सैन्याच्या अग्निवीर भरतीत बीम आहे आणि त्याचे गुण नेमके ठरलेले आहेत: १० पुल-अप्सना ४०, ९ ना ३३, ८ ना २७, ७ ना २१ आणि ६ ना १६. सहावरून दहावर गेलात तर चोवीस गुण वाढतात. त्यासाठी महिनोन्‌महिने बारला लटकावं लागतं, आणि रोज हाताशी बार हवा असतो. पोरांच्या आईचाही विचार करा. सूप मांडीवर घेऊन दिवसभर पुढे वाकून विड्या वळणाऱ्या बाईच्या खांद्यांना आणि पाठीला मागे ओढण्याचा व्यायाम दिवसाकाठी मिळतच नाही. तिच्यासाठी छातीइतक्या उंचीवर लटकवलेल्या दोन रिंगा पुरतात. त्या धरून मागे रेलायचं आणि अंग वर ओढायचं. सामान घरात येणारच असेल, तर ते घरातल्या सगळ्यांच्या उपयोगाचं घ्यावं.

खरेदीला निघण्याआधी एक विचारतो: जवळ तालीम किंवा मैदानातला बार आहे का? सोलापूर शहर तालमींचं आहे. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं शहरात कुणालाही विचारा. तालमीत सिंगल बार, डबल बार असतो, शिकवणारा असतो आणि चूक झाली तर तिथल्या तिथे कान धरणाराही असतो. दहा मिनिटांच्या अंतरावर अशी सोय असेल आणि तुमची वेळ तिथल्या वेळेशी जुळत असेल, तर पुढचा खर्च करूच नका. ज्याची पाळी रात्रीची आहे, जिला घर सोडून तासभर बाहेर पडता येत नाही, ज्याला पहाटे पाच वाजताच वेळ मिळतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

दुसरं म्हणजे, सुरुवातीचे दोन-तीन महिने सामानाची गरजच नसते. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, पायऱ्यांवरची चढउतार यांना फरशी पुरते. दंड-बैठकांवर महाराष्ट्रात पिढ्या घडल्या. फरशीवर एकच गोष्ट होत नाही: स्वतःकडे ओढण्याचा व्यायाम. ढकलण्याला जमीन पुरते, ओढण्याला वर काहीतरी धरायला लागतं. म्हणून घरी सामान घ्यायचं तर पैसा आधी ओढण्याच्या सोयीवर घालावा असं माझं ठाम मत आहे. दुकानदार मात्र पोटाच्या व्यायामाचा बाक आधी दाखवतो.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे दाराच्या चौकटीत बसणारा बार. सातशे ते दीड हजार रुपयांत येतो. चौकटीच्या दोन बाजूंमध्ये स्क्रूनं ताणून बसवायचा प्रकार मी कुणालाच सुचवणार नाही. सत्तर किलोचा माणूस झटक्यानं वर गेला की बारवर वजनाच्या दीडपट-दुप्पट भार येतो, आणि तो सगळा भार नुसत्या घर्षणावर पेललेला असतो. चौकट पातळ पत्र्याची किंवा हलक्या लाकडाची असेल तर आधी चौकट जाते, मग माणूस. भाड्याच्या घरात तर दुरुस्तीचा खर्चही तुमच्याच डोक्यावर.

त्यावरचा प्रकार म्हणजे ऑनलाइन मिळणारा ‘पॉवर टॉवर’. वर सिंगल बार, मध्ये डबल बार, पाठीला गादी, खाली जोर मारायला मुठी. पाच ते सात हजारांत हलका आणि नऊ ते पंधरा हजारांत जरा भक्कम मिळतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळण्यासाठी जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या दोन गोष्टी शोधा: सांगाड्याचं स्वतःचं वजन आणि पाइपाच्या पत्र्याची जाडी. ‘१५० किलो क्षमता’ हा ठळक आकडा स्थिर वजनाचा असतो. हलणाऱ्या, झुलणाऱ्या माणसाबद्दल तो काही सांगत नाही. सहा हजारांचा टॉवर सोळा किलोचा भरला, तर तुम्ही किलोला पावणेचारशे रुपये दिलेत आणि वर डुगडुगणारा सांगाडा घरी आणलात. जाडी लिहिलेलीच नसेल तर विक्रेत्याला प्रश्न टाका. दीड मिलिमीटरपेक्षा कमी असेल किंवा उत्तरच आलं नाही, तर पुढे जा.

या टॉवरचा खरा दोष असा की एका सांगाड्यावर चार कामं लादली जातात आणि पाय मात्र आखूड ठेवले जातात, कारण खोका लहान असला तर कुरियर स्वस्त पडतं. उभं राहण्याचा हिशेब सोपा आहे. बारला लटकलेल्या माणसाच्या अंगाची रेघ, हातांपासून पायांकडे जाणारी, तशीच जमिनीपर्यंत वाढवा. ती सांगाड्याच्या पायांच्या आत पडली तर सांगाडा बसून राहतो. पायांच्या बाहेर गेली की मागचा पाय उचलला जायला लागतो. मग त्याला खाली धरून ठेवतं ते फक्त सांगाड्याचं स्वतःचं वजन. बार सात फुटांवर आणि पाय पुढे-मागे एकेक फूट असतील, तर अंग आठ अंश झुकलं तरी रेघ बाहेर जाते. आठ अंश म्हणजे दमलेला माणूस शेवटच्या पुल-अपला जेवढा हेलकावा घेतो तेवढंच. तेच पाय दोन-दोन फूट पुढे-मागे केले की सोळा अंशांपर्यंत सोय होते. म्हणून माझा नियम असा: पायाची लांबी बारच्या उंचीच्या निम्म्याहून कमी नको. सात फुटी बारला चार फुटी पाय.

या मापाचा स्टँड बाजारात शोधण्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणं स्वस्त पडतं आणि चांगलंही. सोलापुरात आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक भागात शटर, ग्रिल, शेड करणारे वेल्डर आहेत. त्यांना सिंगल बार नवा नाही. शाळेच्या, मंडळाच्या मैदानासाठी तो त्यांनी कधीतरी केलेला असतोच. मात्र मैदानातला बार जमिनीत काँक्रीटमध्ये गाडलेला असतो आणि तुमचा फरशीवर नुसता उभा राहणार आहे. ही गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर ते सवयीनं पाय आखूड ठेवतील.

मापं अशी द्या. उभे खांब, पाय आणि आडवे हे सगळं दोन इंची चौकोनी पाइपात, म्हणजे ५० बाय ५० मिलिमीटर, पत्रा २ मिलिमीटर. हा पाइप मीटरला साधारण २.९३ किलो भरतो. बाजारात तो ‘वीस फुटी’ म्हणून विकला जातो, पण असतो सहा मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच. हे चार इंच लक्षात न घेता माप काढलं तर तिसरा पाइप आणावा लागतो आणि पाच-सहाशे रुपयांचे तुकडे भंगारात जातात. दोन पाइपांत सगळं बसवायचं असेल तर कापणी अशी: पहिल्या पाइपातून ६ फूट १० इंचांचे दोन खांब, ४ फुटांचा एक पाय आणि ११ इंचांचे दोन तिरके आधार. दुसऱ्यातून ४ फुटांचा दुसरा पाय, ४ फुटांचे दोन लांब तिरके आधार आणि साडेतीन फुटांचे दोन आडवे. खांब पायावर उभा राहतो, त्यामुळे वरचं टोक बरोबर सात फुटांवर येतं. लांब तिरका आधार खांबाच्या साडेतीन फूट उंचीवरून पायाच्या मागच्या टोकाला जातो आणि छोटा पुढच्या बाजूला लागतो. दोन्ही आडवे मागच्या बाजूला घ्या, एक पायांच्या टोकांना आणि एक तिरक्या आधारांच्या मध्यावर. दोन खांबांच्या मधोमध काही आडवं नको. तिथे तुमचे पाय असणार आहेत.

हाताचा बार मात्र गोल पाइपाचा, एक इंची, बी क्लास. पाइपवाल्याचा एक इंच हे आतल्या पोकळीचं नाममात्र माप असतं. बाहेरून तो ३३.७ मिलिमीटर भरतो आणि मुठीत नीट बसतो. पैसे वाचवायला पाऊण इंची घेऊ नका. तो बाहेरून २६.९ मिलिमीटरचा असतो. मुठीला छान वाटतो, पण साडेतीन-चार फुटांच्या पल्ल्यात ऐंशी किलोच्या माणसाच्या झटक्यानं कायमचा वाकण्याचा धोका असतो. दीड इंची उलट फार जाड, ४८.३ मिलिमीटर. बोटं वळसा पूर्ण करत नाहीत आणि पाठीच्या आधी पंजा दमतो.

आता पैशांचं बघू. दोन चौकोनी पाइप ३५ किलो, बार अडीच-पावणेतीन किलो, पट्ट्या-प्लेटी दोन किलो. एकूण चाळीस किलो धरा. लोखंडाचा भाव सारखा हलतो, म्हणून इथे हिशेबापुरता किलोला ७५ रुपये धरतो. तुम्ही त्या दिवशीचा दर टाका. माल ३,००० रुपये. मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर सांगतात. ४० रुपये धरली तर १,६००. प्रायमर आणि ऑइल पेंट ४००. नटबोल्ट आणि पाइपाच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या २५०. सोलापुरातून कुंभारीपर्यंत आणायला छोटा हत्ती किंवा मालवाहू रिक्षा, तीनशे ते पाचशे. बेरीज साडेपाच ते पावणेसहा हजारांच्या आसपास जाते. म्हणजे हलक्या टॉवरच्या पैशांत अडीचपट लोखंड मिळालं. दर विचारताना जीएसटीसह की सोडून, हेही विचारा. लोखंडी मालावर तो १८ टक्के आहे आणि तीन हजारांच्या मालावर त्यानं साडेपाचशेचा फरक पडतो.

‘मटेरियल आणि मजुरी मिळून किलोला अमुक’ असा एकत्र दरही वेल्डर सांगतात. तो घ्यायला हरकत नाही, पण मग काटा तुमच्यासमोर व्हायला हवा. शिवाय पत्र्याची जाडी कापलेल्या टोकावर मोजून घ्या. दोन मिलिमीटरच्या जागी दीडचा पाइप आला तर वजन कमी भरतं, तेव्हा पैशात तुमची फसवणूक होत नाही, ताकदीत होते.

वेल्डिंगकडे दोन मिनिटं नीट बघा. सांध्यावर नुसते टाके मारून रंग दिला तर ओळखू येत नाही, म्हणून रंगाआधी बघायला जा. सांधा चारी बाजूंनी भरलेला हवा, मधे काळी भोकं नकोत. आणि फार गुळगुळीत करायचा आग्रह धरू नका. दिसायला चांगलं व्हावं म्हणून ग्राइंडर फिरवून वेल्ड पार सपाट केला की जिथे धातू जाड हवा तिथेच पातळ होतो. टोचेल तेवढंच घासायला सांगा.

सगळं एकसंध वेल्ड करून घेऊ नका. सात फूट बाय चार फूट बाय साडेतीन फुटांचा सांगाडा जिन्यातून आणि तीन फुटी दारातून आत जाणार नाही. दोन्ही बाजूंच्या चौकटी वेल्ड करायच्या: खांब, पाय आणि तिरके आधार मिळून एक. वरचा बार आणि मागचे दोन आडवे बोल्टनं जोडायचे. असं केलं की दोन चपट्या चौकटी आणि तीन दांडे एवढंच वाहून न्यायचं. बारच्या दोन्ही टोकांना ६ मिलिमीटरची चार इंची प्लेट आणि प्रत्येक प्लेटीला चार बोल्ट घ्या. दोनवर भागवलं तर सांगाडा डावी-उजवीकडे डुलतो. बोल्ट १२ मिलिमीटरचे. पोकळ पाइपातून आरपार बोल्ट आवळला की पाइप दबतो आणि आठवड्यात सैल होतो, म्हणून भोकात आतून बुश टाकायला सांगा. पाइपाच्या छोट्या तुकड्याचं हे बुश वेल्डर फुकट देतो, पण आपण म्हटल्याशिवाय टाकत नाही.

रंगाबाबत सोलापूरकरांना एक फायदा आहे. कोकणासारखी दमट हवा इथे नाही, त्यामुळे पावडर कोटिंगवर हजारभर रुपये जास्त घालायचं कारण नाही. प्रायमर आणि दोन हात ऑइल पेंट वर्षानुवर्षं टिकतो. मात्र हाताचा बार रंगवूच नका. घामट हाताखाली रंग घसरतो आणि सालपटं निघतात. उघडं लोखंड पॉलिश पेपरनं घासून घ्या आणि गंज दिसला की पुन्हा घासा. स्टँड गच्चीवर किंवा अंगणात ठेवणार असाल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी बारला हात लावता येणार नाही. पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा तो पहाटेच वापरायचा.

घरात ठेवायचा तर जागेचं गणित असं. सांगाड्याखाली चार फूट बाय साडेतीन फूट, आणि पाय पुढे उचलायला समोर आणखी दोन फूट मोकळे. उंचीचं माप लोक घेतच नाहीत. हनुवटी बारच्या वर गेली की डोकं जवळपास आठ फुटांवर पोचतं. स्लॅब साडेनऊ फुटांवर असला तरी पंखा त्याच्या खाली लोंबतो. स्टँडची जागा पंख्याच्या पात्यांपासून दूरच हवी. जागा नसेल तर बार साडेसहा फुटांवर घ्या आणि गुडघे मुडपून लटका. उंची कमी केल्यानं व्यायामात काही कमी होत नाही आणि सांगाडाही जास्त घट्ट उभा राहतो.

वरच्या मजल्यावरचे लोक विचारतात, स्लॅबला काही होईल का? राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून आखलेली असते. चाळीस किलोचा स्टँड आणि ऐंशी किलोचा माणूस मिळून एकशेवीस, तेही सव्वा चौरस मीटरवर पसरलेले. स्लॅबची काळजी नको. काळजी खालच्या घरातल्या झोपलेल्या माणसाची हवी. बारवरून धपकन उडी मारून उतरू नका. पायांखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून लावा. पंक्चरवाला ते पन्नास रुपयांत देतो. त्यानं आवाज कमी होतो, फरशीवर ओरखडे येत नाहीत आणि स्टँड सरकत नाही. जुनी चादर घडी करून ठेवायचा मोह टाळा, ती टाइल्सवर घसरते.

स्टँड उभा राहिला की दुसरी खरेदी रिंगांची. डबल बार वेगळा करून घ्यायला आणखी तीन-साडेतीन हजार आणि तेवढीच जागा लागते. त्याऐवजी बाराशे ते अडीच हजारांत लाकडी रिंगांची जोडी पट्ट्यांसह येते, प्लास्टिकची सातशे-हजारांत. त्याच बारला त्या लटकवल्या की डिप्स होतात, आडवं होऊन ओढता येतं, पाय उचलता येतात, आणि काम झालं की खुंटीला अडकवता येतात. शंभर किलोंच्या पुढच्यांनी प्लास्टिकची घेऊ नये. खरेदी करताना रिंगेपेक्षा पट्टीचं बक्कल बघा. दात बोथट असतील तर ते भाराखाली घसरतं. रिंगांवरचे डिप्स डबल बारपेक्षा अवघड असतात, हात थरथरतात. सुरुवातीचे काही आठवडे नुसतं हात ताठ ठेवून उभं राहणं हाच व्यायाम समजा. मागे रेलून ओढतानाही मघाचा रेघेचा नियम लागू आहे: पट्टी ज्या दिशेनं ताणली गेली, ती रेघ जमिनीवर सांगाड्याच्या पायांच्या आतच पडली पाहिजे.

एकही पुल-अप होत नसेल तर एक रबरी बँड घ्या. जाडीप्रमाणे चारशे ते नऊशे रुपये. तो बारला अडकवून त्यात पाय ठेवला की वजन हलकं होतं. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे स्टुलावर चढून हनुवटी बारवर ठेवायची आणि सावकाश, पाच-सहा सेकंद घेत खाली यायचं. बँडशिवायही पोरं याच मार्गानं पहिल्या पुल-अपपर्यंत पोचतात.

जोर मारायच्या बुटक्या मुठींच्या जोडीवर फार खर्च करू नका. मनगट दुखत असेल तर तिचा उपयोग आहे, कारण पंजा मागे मुडपावा लागत नाही. ऑनलाइन लोखंडी जोडी आठशे ते दोन हजारांना मिळते. स्टँड करताना वेल्डरला सांगितलं तर त्याच्याकडच्या उरलेल्या पाइपात पाचशेच्या आत होते. लाकडी हवी असेल तर सुताराकडे बाभळीच्या तुकड्याची करून घ्या. आपल्याकडची बाभूळ चिवट असते.

मल्लखांब घरी लावता येईल का, असंही कुणी विचारतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी पुन्हा उभी केलेली ही विद्या अंगाच्या वजनावर ताकद कमावण्याचा आपला सर्वांत पूर्ण प्रकार आहे. पण पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी असतो, जमिनीत खोल गाडावा लागतो आणि तो शिक्षकाशिवाय करू नये. त्याची जागा तालमीतच.

स्टँडवर काय करू नये हेही सांगायला हवं. झोका घेऊन मारायचे पुल-अप्स, बारवर अंग फेकून चढणं, लहान मुलांनी एकमेकांना झुलवणं हे सगळं गाडलेल्या बारचं काम आहे. फरशीवरच्या सांगाड्यावर नको, मग तो कितीही जड असो. थोडं जास्त स्थैर्य हवं असेल तर सिमेंटच्या चार रिकाम्या पोत्यांत अर्धी-अर्धी वाळू भरा आणि पायांच्या चारही टोकांवर ठेवा. पोत्यात पंचवीस-तीस किलो वाळू बसते. एवढ्यानं सांगाड्याचं वजन चौपटीवर जातं आणि खर्च शंभर-दोनशेचा. खांदा आधीपासून दुखत असेल, हात डोक्यावर नेताना कळ येत असेल, तर लटकण्याआधी डॉक्टरांना दाखवा. कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळच आहे.

आता जिमशी तुलना. महिना सहाशे रुपये फी धरली तर स्टँड, रिंगा आणि बँड मिळून होणारे आठ हजार तेरा-चौदा महिन्यांत वसूल होतात. घरातले दोघं वापरत असतील तर सात महिन्यांत. पुढे कधी स्टँड नकोसा झाला तरी चाळीस किलो लोखंडाला मोडीत किलोला तीस रुपये मिळाले तर बाराशे रुपये परत येतात. पातळ पत्र्याच्या टॉवरला कुणी एवढे देत नाही. सगळे पैसे एकदम नसतील तर आधी स्टँड, मग सावकाश रिंगा. हप्त्यावर टॉवर घेण्याचं मात्र टाळा. ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रोसेसिंग फी असते आणि तीन-चारशे रुपये तिथेच जातात.

वेल्डरकडून काम करून घेताना निम्मेच पैसे आगाऊ द्या. कागदावर पाइपाचं माप, जाडी, किलोचा दर, मजुरी आणि तारीख लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ताब्यात घेण्याआधी दुकानातच लटकून बघा, घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला घेऊन जा. बार लवचिक वाटला, सांध्यातून कुरकुर आली, एखादा पाय जमिनीला टेकला नाही, तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं. घरी आणल्यावर पुन्हा भाड्याचे पाचशे.

ऑनलाइन घेतलात तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि बिल जपून ठेवा. जड वस्तू परत न्यायला कोण येणार आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे ऑर्डर देण्याआधीच वाचा. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथेही काम झालं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. हाच हक्क वेल्डरकडून केलेल्या कामालाही आहे, म्हणून पक्कं बिल मागा. बिलावर शंभर-दोनशे वाचवायचे म्हणून ‘बिल नको’ म्हणू नका.

स्टँड घरी आला की पहिला महिनाभर दर रविवारी पान्ह्यानं सगळे नट तपासा, कारण नव्या सांध्यांचे बोल्ट वापरानं बसतात आणि एकदा-दोनदा सैल होतात. पुढे महिन्यातून एकदा पुरे. वेल्डजवळचा रंग केसासारखा बारीक तडकलेला दिसला तर लटकणं त्याच दिवशी थांबवा आणि ती चौकट सोडवून वेल्डरकडे न्या. असा एक सांधा पुन्हा भरून घ्यायला शंभर रुपये लागतात.